तार तीच, फरक दर्शनी

दात सरळ करून घ्यायला गेलेल्या कुटुंबापुढे तपासणी, एक्स-रे, दातांचे माप हे सगळे उरकल्यावर शेवटी एक कागद येतो. त्यावर धातूच्या ब्रेसेसची एक रक्कम असते आणि दातांच्या रंगाच्या, म्हणजे सिरॅमिकच्या ब्रेसेसची दुसरी, बरीच मोठी रक्कम असते. ज्या निर्णयासोबत पुढची दीड-दोन वर्षे काढायची, तो मग फ्रीज घ्यावा तसा दोन मिनिटांत होतो : परवडत असेल तर वरचे मॉडेल, नसेल तर साधे. या हिशेबात एक गृहीत दडलेले असते, ते म्हणजे महाग तो उपचार अधिक चांगला. ते खरे नाही. सिरॅमिकसाठी मोजलेला जादा पैसा हा दिसण्याचा पैसा आहे; दात हलवण्याच्या कामात त्याने भर पडत नाही, उलट काही ठिकाणी थोडी अडचणच होते. दिसण्यासाठी पैसे खर्च करण्यात गैर काही नाही. पण आपण नेमके कशाचे पैसे देतो आहोत हे एकदा कळले, की सगळ्या तोंडासाठी एकच उत्तर शोधण्याची गरज उरत नाही. कोणत्या दातावर काय लावायचे, असा दातागणिक विचार करता येतो, आणि बहुतेकांच्या बाबतीत तोच शहाणपणाचा ठरतो.

त्यासाठी आधी दात हलतो कसा ते पाहायला हवे. दात जबड्याच्या हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्या मध्ये तंतूंचा एक पातळ पडदा असतो आणि दात त्यावर पेललेला असतो. दातावर हलका पण सतत दाब दिला, की ज्या बाजूला हा पडदा दाबला जातो तिथले हाड पेशी विरघळवतात आणि ज्या बाजूला तो ताणला जातो तिथे नवे हाड भरते. स्वीडनच्या कार्ल सँडस्टेट यांनी १९०४-०५ मध्ये कुत्र्यांवरच्या प्रयोगांतून ही गोष्ट सूक्ष्मदर्शकाखाली दाखवून दिली. म्हणजे दात सरकतो तो हाड एका बाजूने झिजून दुसऱ्या बाजूने भरत जाते म्हणून, आणि या कामाला शरीराची स्वतःची गती आहे. साधारण महिन्याला एक मिलिमीटर ही चाल धरली जाते. जोर वाढवून ती फारशी वाढत नाही. दाब जास्त झाला तर पडद्यातला रक्तपुरवठा अडतो, दुखते आणि काम उलट रखडते. या सगळ्यात दाब देते ती तार. दातावर चिकटवलेला छोटा चौकोनी तुकडा, म्हणजे ब्रॅकेट, ही फक्त त्या तारेची पकड आहे. अमेरिकेतील एडवर्ड अँगल यांनी १९२८ च्या सुमारास आडव्या आयताकृती खाचेचे ब्रॅकेट मांडले आणि आजही जगभर मुख्यतः तीच कल्पना चालते. खाचेची उंची एक तर ०.०१८ इंच, नाही तर ०.०२२ इंच. ब्रॅकेट पोलादाचे असो की सिरॅमिकचे, खाच याच मापाची असते आणि तीतून जाणारी तारही तीच असते. हाडाला तर दातावर काय चिकटवले आहे याचा पत्ताही नसतो.

ब्रॅकेटचा रंग हा प्रश्नच मुळात अलीकडचा. अँगल यांच्या काळात तार सोन्याच्या मिश्रधातूची असे आणि प्रत्येक दाताभोवती धातूचा पट्टा बसवून त्यावर ब्रॅकेट जोडलेले असे. पुढे सोन्याची जागा पोलादाने घेतली, पण पट्टे राहिले. हसले की सगळा धातूच दिसायचा. १९५५ मध्ये मायकेल बुओनोकोर यांनी दाखवले, की दाताचे इनॅमल फॉस्फोरिक आम्लाने काही सेकंद खरखरीत केले की त्यावर राळ घट्ट धरते. या शोधावर पुढच्या दशकात ब्रॅकेट थेट दातावर चिकटवण्याचे प्रयोग झाले आणि पुढच्या दातांवरचे पट्टे हळूहळू गेले. दात बराचसा मोकळा दिसू लागला, तशी उरलेला धातूचा ठिपकाही नको ही इच्छा आली. सत्तरीच्या दशकात प्लास्टिकची ब्रॅकेट्स निघाली. ती पिवळी पडत आणि तारेच्या जोराने त्यांची खाच रुंदावे. १९८६-८७ च्या सुमारास सिरॅमिक आले, तेही अनपेक्षित वाटेने. उष्णतेचा माग काढणाऱ्या क्षेपणास्त्रांच्या टोकावरच्या आवरणासाठी अमेरिकेत अर्धपारदर्शक अ‍ॅल्युमिनावर संशोधन झाले होते. तोच पदार्थ दातावर आला. प्लास्टिकचे दोन्ही दोष त्यात नव्हते. तो पिवळा पडत नव्हता आणि वाकत नव्हता. पण या इतिहासातून हेही दिसते, की सिरॅमिक आले ते धातूने दात नीट हलत नव्हते म्हणून नव्हे. धातू दिसत होता म्हणून.

न वाकणे हा गुण तोंडात पूर्णपणे गुण राहत नाही. अ‍ॅल्युमिना अतिशय कठीण आहे. काठिण्याच्या मोह्स मापावर हिऱ्याला दहा गुण, अ‍ॅल्युमिनाला नऊ आणि दाताच्या इनॅमलला पाचच्या आसपास. कठीण आणि मऊ पदार्थ एकमेकांवर घासले तर झिजणारा कोण हे सांगायला नको. ज्यांचे वरचे पुढचे दात खालच्या दातांना खोलवर झाकतात, त्यांच्या खालच्या दातांवर सिरॅमिक लावले तर दर घासाला, दर आवंढ्याला वरच्या दातांची कड त्यावर आपटत राहते. काही महिन्यांत ती झिजलेली दिसू शकते आणि झिजलेले इनॅमल पुन्हा येत नाही. म्हणूनच खोल चावा असलेल्या रुग्णाला खाली सिरॅमिक लावू नये, किंवा आधी चावा उघडून घेऊन मगच लावावे, असा सल्ला जाणते ऑर्थोडॉन्टिस्ट, म्हणजे दात सरळ करण्याचे तज्ज्ञ, देतात. कठीणपणाची दुसरी बाजू म्हणजे ठिसूळपणा. पोलाद तुटण्याआधी आपल्या लांबीच्या सुमारे २० टक्के ताणले जाऊ शकते. सिरॅमिक एक टक्काही नाही. ब्रॅकेटला चार कोपऱ्यांवर बारीक पंख असतात, त्यांभोवती रबराची कडी अडकवून तार धरून ठेवतात. धातूचा पंख जोर पडला तर वाकतो; सिरॅमिकचा पंख कचकन तुटतो. ऊस सोलून खाणे, चिक्की, फुटाणे, सुपारी, कडक कैरीची फोड, मटणाची नळी हे सगळे दोन्ही प्रकारांत वर्ज्यच असते, पण सिरॅमिकमध्ये मोह कमी माफ होतो. तुटका पंख म्हणजे ब्रॅकेट बदलणे आणि एक जादा फेरी.

तिसरी अडचण घर्षणाची. दात काढून मागे जागा केलेली असते तेव्हा सुळा किंवा पुढचे दात तारेवरून मागे सरकवायचे असतात. सिरॅमिकची खाच पोलादाइतकी गुळगुळीत नसते, त्यामुळे तार तिच्यात अडखळते, हे प्रयोगशाळेत पुन्हा पुन्हा दिसले आहे. म्हणून काही सिरॅमिक ब्रॅकेट्सच्या खाचेत धातूचे अस्तर बसवलेले असते. चौथी अडचण काढतानाची. धातूचे ब्रॅकेट पकडीने दाबले की वाकते आणि चिकटवलेल्या थरापासून सुटते. सिरॅमिक वाकत नसल्याने सारा जोर त्या थरावर आणि खालच्या इनॅमलवर जातो. सुरुवातीच्या काळातली सिरॅमिक ब्रॅकेट्स रासायनिक रीतीने इतकी घट्ट चिकटत, की काढताना इनॅमलचे टवके निघाल्याच्या तक्रारी आल्या. तेव्हापासून कंपन्यांनी मागची बाजू बदलली; आजची ब्रॅकेट्स यांत्रिक पकडीने बसतात आणि काहींत दाबल्यावर मधोमध मोडण्याची सोय असते. धोका बराच कमी झाला, पण तडा गेलेला, मोठे सिमेंट भरलेला किंवा इनॅमल मुळात कच्चे असलेला दात असेल तर धातू बरा, हा नियम अजून लागू आहे. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेडच्या काही भागांत पाण्यातल्या जादा फ्लोराइडमुळे दातांवर पांढरे-तपकिरी डाग आणि खड्डे असतात. अशा दातांवर ब्रॅकेट चिकटवणे आणि काढणे दोन्ही अवघड जाते; तिथल्या रुग्णाने हा प्रश्न डॉक्टरांना आवर्जून विचारावा.

‘पण सिरॅमिक तर दिसतच नाही ना’, हा यावरचा सर्वांत सरळ प्रतिवाद. दिसत नाही हे अर्धेच खरे आहे. हातभर अंतरावरून ब्रॅकेट दाताच्या रंगात मिसळून जाते, पण तार धातूचीच असते. तारेवर पांढरा थर दिलेला असला तरी तो काही आठवड्यांत ठिकठिकाणी निघतो आणि पांढऱ्या-राखाडी ठिपक्यांची तार नुसत्या राखाडी तारेपेक्षा वाईट दिसते. खरी परीक्षा होते ती आपल्या ताटात. सिरॅमिकवर हळद बसत नाही. बसते ती पंखांभोवतीच्या पारदर्शक रबरी कड्यांवर. फोडणीच्या तेलात उतरलेली हळद रबर पटकन शोषून घेते. आज नव्या, काचेसारख्या कड्या घालून घरी आलेल्या माणसाने रात्री पिवळी आमटी किंवा रस्सा खाल्ला, की सकाळी आरशात प्रत्येक दातावर एकेक पिवळे वर्तुळ उभे असते. ब्रशने ते जात नाही. पुढच्या भेटीत कड्या बदलतील तेव्हाच जायचे, आणि भेट चार ते सहा आठवड्यांनी असते. धातूच्या ब्रॅकेटला राखाडी किंवा मुलांच्या आवडीची निळी-हिरवी कडी लावली तर हा प्रश्नच येत नाही. सिरॅमिक घेणाऱ्याने रबराऐवजी बारीक तारेने बांधून घेणे, किंवा रबर लागतच नाही असे झाकणवाले ब्रॅकेट घेणे हे उपाय आहेत. दुसऱ्याचा खर्च आणखी वाढतो. लग्न किंवा मुलाखत असेल तर आदल्या दिवशी कड्या बदलून घेण्याची वेळ ठरवता येते. पण हे सगळे आधी कळले पाहिजे. पैसे भरल्यावर आठवड्याने पिवळी वर्तुळे पाहून कळण्यात अर्थ नाही.

दिसण्याचा विचार म्हणजे नखरे, असे मात्र कोणी म्हणू नये. शाळेतल्या मुलाला आज ब्रेसेसची लाज वाटत नाही, कारण वर्गात चार जणांना असतात. तिशीत शिकवणारी शिक्षिका, ग्राहकांसमोर उभा राहणारा माणूस, गाणारी किंवा निवेदन करणारी व्यक्ती, लग्नाची बोलणी चालू असलेली मुलगी यांची गोष्ट वेगळी. तोंड मिटून वावरावे लागेल या धास्तीने अशी माणसे उपचारच टाळतात आणि वाकडे दात नीट घासता न आल्याने हिरड्यांचा आजार ओढवून घेतात. सिरॅमिकने त्यांना उपचाराच्या खुर्चीपर्यंत आणले, तर ते जादा पैसे नक्कीच सत्कारणी लागले. प्रश्न इतकाच, की तो पैसा कुठवर न्यायचा. बोलताना आणि हसताना बहुतेकांचे वरचे सहा, फार तर आठ दात दिसतात. खालचे दात बोलताना थोडे दिसतात. दाढा कोणालाच दिसत नाहीत. मग वर पुढच्या सहा दातांवर सिरॅमिक, उपदाढांपासून मागे धातू आणि खाली पूर्ण धातू अशी जुळणी केली, तर दिसण्याचा बहुतेक लाभ पदरात पडतो. खालच्या सिरॅमिकने वरचे दात झिजण्याची भीती जाते, दाढांकडे जिथे चावण्याचा जोर सर्वांत जास्त तिथे ठिसूळ पदार्थ राहत नाही आणि खर्चही उतरू शकतो. अनेक ऑर्थोडॉन्टिस्ट हे करतात. दरपत्रकावर मात्र पर्याय बहुधा दोनच छापलेले असतात, म्हणून हा तिसरा आपण होऊन विचारावा लागतो.

धातूविरुद्ध आणखी एक आक्षेप घेतला जातो, तो निकेलच्या अ‍ॅलर्जीचा. खोटे दागिने घातले की ज्यांच्या कानाच्या पाळीला खाज सुटते, त्यांना तो खरोखर लागू होऊ शकतो, कारण ब्रेसेसच्या पोलादात निकेल असते. पण सिरॅमिक ब्रॅकेट घेऊन तो सुटत नाही. सुरुवातीच्या महिन्यांत वापरली जाणारी लवचीक तार निकेल आणि टायटॅनियमची असते. अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेत सापडलेला हा मिश्रधातू सत्तरीच्या दशकात दातांवर आला आणि त्याच्या वजनात निम्म्याहून जास्त निकेल असते. ब्रॅकेट सिरॅमिकचे आणि तार निकेलची, अशी स्थिती होते. अ‍ॅलर्जी असेल तर ते आधी सांगून तारेसकट सगळ्या सामानाचा विचार करावा लागतो. तोंडातल्या आवरणाला त्वचेपेक्षा असा त्रास कमी होतो, म्हणून घाबरून जाण्याचेही कारण नाही. याउलट सिरॅमिकच्या बाजूने एक मुद्दा खरोखर वजनदार आहे आणि तो क्वचितच सांगितला जातो. डोक्याचा किंवा चेहऱ्याचा एमआरआय वारंवार करावा लागणाऱ्या रुग्णाच्या तोंडात पोलाद असेल, तर चित्रात मोठा काळा डाग येतो आणि नेमके पाहायचे ते झाकले जाते. तार काढता येते, ब्रॅकेट नाही. अशा माणसाला धातूच्या अस्तराशिवायचे सिरॅमिक हीच योग्य निवड ठरते, आणि ती दिसण्यासाठी केलेली नसते.

हा सारा वाद आता जुना झाला, पारदर्शक प्लास्टिकचे साचे आले आहेत, असेही म्हटले जाते. १९९७ मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झालेल्या एका कंपनीने ही पद्धत रुजवली आणि आज भारतातही ती जोरात विकली जाते. थोडी फट, थोडी वाकडेपणाची अडचण असेल तर ती चांगली चालते. पण साचा दिवसातले २० ते २२ तास तोंडात हवा. चहा, नाश्ता, जेवण, चार वाजताचा पुन्हा चहा यासाठी दर वेळी काढायचा, दात धुऊन परत घालायचा, हे ज्याला जमेल त्यानेच तिकडे जावे. मुळापासून वळवायचे दात, बरेच खाली ओढायचे सुळे, दात काढून भरायच्या मोठ्या जागा अशा कामात दातावर पक्के चिकटलेले ब्रॅकेटच अधिक भरवशाचे. म्हणजे धातू की सिरॅमिक हा प्रश्न बहुसंख्य रुग्णांपुढे अजून काही वर्षे राहणारच आहे.

पण त्या प्रश्नाला जेवढे लक्ष मिळते तेवढ्याला तो पात्र नाही. उपचार कसा पार पडेल हे ज्यांवर ठरते त्या गोष्टी वेगळ्याच आहेत. पहिली, हे काम करतो कोण. दंतवैद्यकाची पाच वर्षांची पदवी घेतलेल्याने ब्रेसेस लावू नयेत असा कायदा नाही, पण त्यानंतर तीन वर्षे फक्त याच विषयाचे पदव्युत्तर शिक्षण घेतलेला ऑर्थोडॉन्टिस्ट वेगळा. दारावरच्या पाटीवर ते लिहिलेले असते, वाचावे. सिरॅमिकच्या फरकाच्या रकमेत पुष्कळदा अधिक शिकलेला हात मिळू शकतो. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालये, मुंबईचे नायर रुग्णालय दंत महाविद्यालय आणि गोव्यात बांबोळीचे दंत महाविद्यालय अशा ठिकाणी हे उपचार खासगी दवाखान्यांपेक्षा बरेच स्वस्त होतात, फक्त थांबण्याची तयारी लागते. दुसरी गोष्ट, भेटी. चुकवलेल्या भेटी आणि सारखी निघणारी ब्रॅकेट्स यांनी उपचार लांबतो, हे रुग्णांच्या नोंदींवरून दिसलेले आहे. तिसरी, दात घासणे. ब्रॅकेटच्या कडेला अन्न साचले, की चार आठवड्यांतही इनॅमलवर खडूसारखे पांढरे डाग उमटू शकतात. १९८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात उपचार संपलेल्या जवळपास निम्म्या रुग्णांच्या दातांवर असा किमान एक डाग होता. सिरॅमिकमध्ये तो डाग ब्रॅकेटच्या रंगात लपतो आणि दीड वर्षांनी उघडा पडतो. सुंदर दिसण्यासाठी जादा पैसे मोजून शेवटी दातांवर कायमचे चौकोन उरणे, यासारखा तोट्याचा व्यवहार नाही. फ्लोराइडची पेस्ट, ब्रॅकेटच्या वरून आणि खालून फिरवलेला ब्रश आणि फटींसाठी बारीक ब्रश यांना सिरॅमिकच्या तुलनेत काहीच खर्च येत नाही.

चौथी गोष्ट उपचारानंतरची, आणि तीच सर्वांत जास्त विसरली जाते. हलवलेले दात जुन्या जागी परतू पाहतात. मुळाभोवतीचे तंतू आपला ताण लवकर सोडत नाहीत. म्हणून ब्रेसेस निघाल्यावर दात जागीच धरून ठेवणारा रिटेनर लागतो, आधी दिवसरात्र आणि मग अनेक वर्षे रात्री, किंवा दातांच्या आतल्या बाजूला चिकटवलेली बारीक तार. पुष्कळ कुटुंबे सिरॅमिकसाठी हात सैल सोडतात आणि रिटेनर हरवला की नव्याचे पैसे द्यायला कुरकुरतात. वर्षभरात दात पुन्हा दातावर चढतात. दरपत्रक हातात आले की म्हणून विचारण्याचे प्रश्न असे : माझा चावा खोल आहे का, खाली सिरॅमिक चालेल का, पुढच्या सहा दातांपुरतेच लावून चालेल का, तार कशाने बांधणार, मोडलेल्या ब्रॅकेटचे पैसे वेगळे का, आणि रिटेनर या रकमेत धरला आहे का. वाढत्या वयाच्या मुलाला, हौसेने खाणाऱ्याला आणि खोल चाव्याच्या रुग्णाला धातू. लोकांसमोर वावरणाऱ्या प्रौढाला वरच्या पुढच्या दातांवर सिरॅमिक आणि बाकी धातू. पूर्ण सिरॅमिक फक्त त्यालाच, ज्याचा चावा त्याला परवानगी देतो आणि ज्याला त्याची किंमत खटकत नाही. वाचलेल्या पैशांतून रिटेनरची दुसरी जोडी आधीच करून ठेवावी. दोन वर्षांचे काम टिकवण्यात तिचा वाटा कोणत्याही ब्रॅकेटपेक्षा मोठा असतो.